उवा, फणी आणि लाज : एका लोहमार्गाच्या दोन टोकांवरचा इतिहास

१/
कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल टिटवाळा सोडते आणि भातसा नदीकाठच्या खडवलीला थांबते. याच लोहमार्गाच्या एका टोकाला, मुंबईत, १८७७ साली एका जीवघेण्या तापाचा जंतू रुग्णांच्या रक्तात दिसला. दुसऱ्या बाजूला, घाटावरच्या नाशिकला, १९०७ साली त्या जंतूचा वाहक उजेडात आला. तो वाहक म्हणजे ऊ.

२/
या दोन घटनांमध्ये ३० वर्षांचे आणि सुमारे १९० किलोमीटरचे अंतर आहे. डोक्यात उवा सापडलेल्या मुलीला आजही वर्गात मान खाली का घालावी लागते, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या अंतरात दडलेला आहे. ती लाज कोठून आली आणि इतिहासाच्या कसोटीवर ती टिकते का, हे या धाग्यात पाहू.

३/
आरंभ शब्दांपासून करू. मराठीतील ‘ऊ’ हा संस्कृत ‘यूका’ या शब्दाचा वंशज. पालीत ‘ऊका’, प्राकृतात ‘ऊआ’ आणि मराठीत नुसते एक अक्षर. ‘लीख’ आली ‘लिक्षा’पासून, प्राकृतातील ‘लिक्खा’च्या वाटेने. शेजारच्या हिंदीतील ‘जूँ’ ही याच यूकेची दुसरी लेक. राजवंश आले आणि गेले. हे दोन शब्द मात्र घराघरांत अखंड बोलले गेले.

४/
यूका आणि लिक्षा ही प्राचीन भारतातील मापेही होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील कोष्टकानुसार ८ लिक्षांची १ यूका, ८ यूकांचा १ यव आणि ८ यवांचे १ अंगुल. म्हणजे एका अंगुलात ६४ उवा किंवा ५१२ लिखा. ही मापे प्रत्यक्षातील उवेपेक्षा बरीच लहान भरतात. परंतु सूक्ष्माची कल्पना देण्यासाठी शास्त्रकारांना सर्वांच्या ओळखीचे उदाहरण हवे होते आणि ते त्यांना केसांत सापडले.

५/
माणूस आणि ऊ यांचा सहवास लेखनकलेहून पुष्कळ जुना आहे. ब्राझीलमधील एका पुरातत्त्वीय स्थळी मानवी केसाला चिकटलेली सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची लीख मिळाली आहे. लीख केसाला ज्या द्रव्याने चिकटते ते इतके चिवट असते की अर्जेंटिनातील प्राचीन ममींच्या केसांवरील या ‘सिमेंट’मधून त्या माणसांचा डीएनए वेगळा करण्यात संशोधकांना यश आले. ते संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. आपल्याला नकोशी असलेली लीख पुरातत्त्वज्ञांसाठी अशी मोलाची ठरते.

६/
उपायही तितकाच जुना. आजच्या इस्राएलमधील लाखीश येथे २०१६ साली हस्तिदंताची एक इवलीशी फणी सापडली. तिच्यावर काही कोरलेले आहे, हे २०२१ मध्ये लक्षात आले. कनानी लिपीतील १७ अक्षरांचे ते पूर्ण वाक्य होते आणि त्याचा आशय असा की या दंताने केसांतील व दाढीतील उवा उपटून काढाव्यात. फणीचा काळ अंदाजे इ.स.पू. १७००. वर्णमालेच्या लिपीत लिहिलेले, वाचता येणारे हे आजवरचे सर्वांत जुने पूर्ण वाक्य मानले जाते.

७/
या फणीची रचना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एका बाजूला गुंता सोडवण्यासाठी ६ जाड दाते, दुसऱ्या बाजूला उवा-लिखा काढण्यासाठी १४ बारीक दाते. आपल्या आजीच्या फणेरीतील लाकडी फणी डोळ्यांसमोर आणा. तीही बहुधा दुहेरी दात्यांचीच असे. सुमारे ३,७०० वर्षांत साहित्य बदलले, आकार बदलला. तत्त्व तेच राहिले.

८/
भारतीय वाङ्मयातही फणी प्राचीन आहे. अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडातील विवाहसूक्तांत शंभर दातांच्या फणीचा उल्लेख येतो. वधूच्या केसांतील मळ तिने दूर व्हावा अशी तेथे अपेक्षा आहे. आज हरितालिकेच्या सौभाग्यवाणात करंडा आणि फणी ठेवली जाते, तेव्हा आपण तिच्याकडे शृंगाराची वस्तू म्हणून पाहतो. तिचे आरोग्याशी असलेले नाते आपण विसरलो आहोत.

९/
आता वैद्यकशास्त्राकडे वळू. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात वीस प्रकारच्या कृमींचे वर्गीकरण आहे. त्यांतील बाह्य कृमींची नावे यूका आणि पिपीलिका. त्या आकाराने तिळासारख्या, अनेक पायांच्या, वर्णाने काळ्या किंवा पांढऱ्या असतात आणि त्यांच्यामुळे खाज, गांधी व पुटकुळ्या उठतात, असे वर्णन तेथे येते. भिंग हाती नसलेल्या काळातील हे निरीक्षण आहे.

१०/
याच अध्यायात कृमींच्या चिकित्सेची तीन सूत्रे दिली आहेत. पहिले अपकर्षण, म्हणजे कृमी हाताने किंवा साधनाने ओढून काढणे. दुसरे प्रकृतिविघात, म्हणजे त्यांना पोषक ठरणारी स्थितीच मोडणे. तिसरे निदानवर्जन, म्हणजे कारण टाळणे. बाह्य कृमींसाठी ग्रंथकाराचा भर पहिल्या आणि तिसऱ्या सूत्रावर आहे. शेवटी आपण आजच्या उपायांकडे येऊ, तेव्हा ही सूत्रे पुन्हा उपयोगी पडतील.

११/
मात्र याच वर्णनात दोन गोष्टी अशा आहेत, ज्यांचे पडसाद पुढे फार काळ उमटत राहिले. एक, या कृमींचे कारण म्हणून स्वच्छता न पाळण्याकडे बोट दाखवले आहे. दोन, त्यांचे स्थान सांगताना केस, दाढी, अंगावरील लव, पापण्या आणि वस्त्रे यांची एकत्र गणना केली आहे. म्हणजे डोक्यातील ऊ आणि कपड्यांतील ऊ एकच धरली गेली. जगातील इतर प्राचीन वैद्यकांतही हा भेद झाला नव्हता.

१२/
भेद मात्र महत्त्वाचा आहे. माणसाच्या डोक्यातील ऊ केसांत राहते, टाळूचे रक्त पिते आणि लिखा केसांच्या मुळाशी चिकटवते. अंगावरची ऊ खरे तर कपड्यांच्या शिवणींत राहते, तेथेच अंडी घालते आणि केवळ रक्तासाठी त्वचेवर येते. दोघी एकाच जातीच्या, दिसायलाही जवळजवळ सारख्या. राहणी मात्र पूर्ण वेगळी.

१३/
कपड्यांतील ऊ डोक्यातील उवेपासून वेगळी झाली, ती माणूस वस्त्रे वापरू लागल्यानंतरच, असे शास्त्रज्ञ मानतात. वस्त्रांशिवाय तिला घरच नाही. त्यामुळे दोघींच्या जनुकांची तुलना करून माणसाने कपडे केव्हा वापरायला घेतले, याचा अंदाज बांधला जातो. २००३ च्या एका अभ्यासाने तो काळ एक लाख वर्षांच्या आसपास आणला होता. २०११ च्या अभ्यासाने तो सुमारे १,७०,००० वर्षांपूर्वीपर्यंत मागे नेला. सुईदोऱ्याचा पुरावा मातीत कुजून गेला, उवेच्या जनुकांत टिकला.

१४/
पंचतंत्रातील मंदविसर्पिणी नावाची ऊ आठवते का? ती राजाच्या शय्येत राहत होती. अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा आला, त्याने उतावीळपणे राजाला चावा घेतला आणि शोध सुरू होताच प्राण गेले ते बिचाऱ्या उवेचे. कथेचे तात्पर्य परक्याला आश्रय देण्याविषयी आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट टिपावी : कथाकाराला राजाच्या बिछान्यात ऊ असणे अशक्य वाटले नाही.

१५/
यानंतरचा प्रसंग आपल्या ठाण्याशी दुरून जोडलेला आहे. बाराव्या शतकात गुजरातचा चालुक्य राजा कुमारपाल याने जैन आचार्य हेमचंद्रांच्या प्रभावाने प्राणिहत्येला बंदी घातली. त्याच्या सेनापतीने, आंबडाने, उत्तर कोकणच्या शिलाहार राजा मल्लिकार्जुनाचा पराभव केला. या शिलाहारांची राजधानी होती स्थानक, म्हणजे आजचे ठाणे.

१६/
मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त कुमारपालाची एक कथा येते. एका व्यापाऱ्याने केसांतून निघालेली ऊ चिरडली. अमारीच्या आज्ञेचा भंग झाला म्हणून त्याची संपत्ती जप्त झाली आणि तिच्यातून पाटण येथे ‘यूकाविहार’ नावाचे मंदिर उभे राहिले. हा ग्रंथ चौदाव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे कुमारपालानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी रचलेला. राजाचे धर्मप्रेम ठसवणे हा त्याचा हेतू असल्याने कथा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. पण धनवान व्यापाऱ्याच्या केसांतही ऊ असू शकते, हे लेखकाने सहज गृहीत धरले आहे.

१७/
आता घरगुती औषधांचा इतिहास. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावणे हा महाराष्ट्रातील प्रसिद्ध उपाय, आणि तो ‘आपल्या पूर्वजांचा प्राचीन उपाय’ म्हणून सांगितला जातो. सीताफळ मूळचे अमेरिका खंडातील. पोर्तुगिजांच्या काळात ते भारतात आले, हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. भारहुत आणि मथुरेच्या शिल्पांत ते दिसते असे कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात सुचवले होते. ते मत फारसे टिकले नाही. तंबाखूचे पाणीही तसेच, अमेरिकेहून आलेले.

१८/
उपाय चारशे वर्षांचा असो वा चार हजार वर्षांचा, तो निर्धोक आहे का हा प्रश्न वेगळा. सीताफळाच्या बियांतील द्रव्य उवांना मारते, तसेच ते डोळ्यांतही जाते. अशी पूड किंवा लेप डोळ्यांत उतरून बुबुळाच्या पारदर्शक पटलाला इजा झाल्याची उदाहरणे भारतीय नेत्रतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. रॉकेल तर त्याहून घातक : त्वचा भाजते, पोटात गेल्यास विषबाधा होते आणि चुलीजवळ बसलेल्या मुलीच्या केसांनी पेट घेण्याचा धोका असतो.

१९/
आता पुन्हा लोहमार्गावर येऊ. १ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याण ते वासिंद हा टप्पा सुरू झाला. खडवली त्याच टप्प्यावर येते. १८६५ साली थळ घाटातील काम पूर्ण झाले आणि गाडी थेट वर चढू लागली. बोरघाटाचा मार्गही कल्याणलाच येऊन मिळतो. त्यामुळे दख्खनेतून रेल्वेने मुंबईला जाणारा माणूस कोणत्याही घाटाने उतरला तरी कल्याणवरूनच पुढे जात असे.

२०/
१८७६ मध्ये पाऊस फिरला. पुणे, सोलापूर, अहमदनगर, सातारा या जिल्ह्यांत भीषण दुष्काळ पडला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी दिवसाला १ पौंड धान्याच्या हिशेबापर्यंत खाली आणली. पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. कामावर तग न धरू शकलेली माणसे गावे सोडून निघाली, त्यांतील हजारो मुंबईत पोहोचली.

२१/
त्यांची स्थिती उवांच्या नजरेतून पाहा. अंगावर एकच वस्त्र, ते दिवसरात्र तेच. प्यायलाच पाणी नाही तर धुवायला कोठून? रात्री थंडीत एकमेकांना चिकटून झोपणे. कपड्यांतील उवेला याहून अनुकूल काय असणार? वस्त्र बदलले किंवा उकळत्या पाण्यात धुतले तर ती जगत नाही. दुष्काळाने माणसांकडून नेमका हा एवढाच उपाय काढून घेतला होता. त्यात त्यांच्या सवयींचा दोष तो कोणता?

२२/
मुंबईत या निर्वासितांमध्ये विचित्र ताप पसरला. पाच-सात दिवस प्रचंड ताप, मग एकाएकी घाम फुटून उतार. रोगी बरा झाला असे वाटावे, तोच आठवड्याभरात ताप पुन्हा उलटायचा. म्हणून त्याला पुनरावर्ती ज्वर म्हणतात. उपासमारीशी त्याचे नाते इतके घट्ट दिसे की इंग्रज डॉक्टर त्याला ‘दुष्काळी ताप’ही म्हणत.

२३/
ग्रँट मेडिकल कॉलेजशी निगडित डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी या रुग्णांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. नाव ओळखीचे वाटते? जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी ज्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’वर शिकले, तिच्या १८५८ सालच्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे याच कार्टर यांनी काढलेली. ग्रे यांचे नाव अजरामर झाले. चित्रकार मुंबईत येऊन कुष्ठरोग आणि तापांचा अभ्यास करत राहिला.

२४/
कार्टर यांना रक्तात मळसूत्रासारखे वळसे असलेले जंतू दिसले. बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी ते आधीच पाहून १८७३ मध्ये जाहीर केले होते; १८७७ साली कार्टर यांनी मुंबईच्या तापातही तेच आहेत हे दाखवले. पुढे त्यांनी रुग्णांच्या रक्ताने माकडांतही हा रोग निर्माण केला. १८८२ मध्ये ‘स्पायरिलम फीव्हर’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जंतू सापडला होता. तो एका माणसातून दुसऱ्यात कसा जातो, हे मात्र उमगले नव्हते.

२५/
वाहक ठाऊक नसला की दोष माणसाला लागतो. गर्दी, घाण, उपासमार हीच रोगाची कारणे म्हणून नोंदवली जात. ती परिस्थितीचे वर्णन म्हणून चुकीची नव्हती. परंतु ‘परिस्थिती’ आणि ‘त्या लोकांची घाणेरडी राहणी’ यांच्यातील सीमारेषा लिहिणाऱ्यांच्या आणि वाचणाऱ्यांच्या मनात सहज पुसली जाई. ऊ ही गरिबाची खूण बनली आणि गरिबी हा गरिबाचा अपराध.

२६/
पुढचा दुवा नाशिकला मिळाला. तेथील एका मिशन वसाहतीत पुनरावर्ती ज्वराची साथ आली. डॉ. एफ. पी. मॅकी यांनी साधा पण नेमका प्रश्न विचारला : वसाहत एक, अन्न-पाणी सारखे, मग मुलगे इतक्या मोठ्या संख्येने आजारी आणि मुली त्या मानाने कमी, असे का? त्यांनी दोन्ही गटांचे कपडे तपासले. मुलग्यांच्या कपड्यांत अंगावरच्या उवांचा सुळसुळाट होता, मुलींच्या कपड्यांत त्या थोड्या होत्या.

२७/
मग त्यांनी उवांच्या शरीरातच जंतूंचा शोध घेतला. मुलग्यांच्या उवांत ते अधिक प्रमाणात आढळले, आणि उवेच्या पोटात ते वाढत असल्याचेही दिसले. हे निष्कर्ष डिसेंबर १९०७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी अंगावरच्या उवेचे शास्त्रीय नाव घातले होते. डोक्यातील उवेवर त्यांचा आरोप नव्हता. हेच मॅकी पुढे परळच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. १९२५ मध्ये त्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

२८/
दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, ट्युनिसमध्ये शार्ल निकोल यांनी टायफस ज्वराचा वाहकही अंगावरची ऊच असल्याचे सिद्ध केले. (टायफस वेगळा आणि टायफॉइड वेगळा.) रुग्णालयाच्या दारापर्यंत टायफसचा रोगी इतरांना बाधा देतो आणि आत अंघोळ घालून कपडे काढून घेतल्यावर देत नाही, या निरीक्षणातून ते उत्तरापर्यंत पोहोचले. १९२८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

२९/
निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुनरावर्ती ज्वराचे आणखी एक कोडे सोडवले. हा जंतू उवेच्या चाव्यातून शिरत नाही. तो तिच्या शरीरातील द्रवात असतो. ऊ चिरडली गेली की बाहेर पडतो आणि खाजवलेल्या त्वचेतून आत जातो. साथीच्या त्या काळात अंगावरची ऊ नखांमध्ये चिरडणे म्हणजे रोगाला स्वतःच दार उघडून देणे होते.

३०/
मग आली रसायने. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतील नेपल्स शहरात लोकांच्या कपड्यांत डीडीटीची भुकटी फवारून टायफसची साथ रोखली गेली. उवांचा प्रश्न कायमचा सुटला, असे अनेकांना वाटले. अवघ्या काही वर्षांत, कोरियन युद्धाच्या वेळी, डीडीटीला न जुमानणाऱ्या उवा सैनिकांच्या कपड्यांत सापडल्या. आज डोक्यातील उवांसाठी वापरल्या जाणाऱ्या पर्मेथ्रिनचीही जगाच्या अनेक भागांत हीच गत झाली आहे. औषध बदलते, उवा त्यातून तगून निघतात. फणीला प्रतिकार करण्याची युक्ती मात्र त्यांना अजून साधलेली नाही.

३१/
आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. दुष्काळ, युद्ध, तुरुंग, निर्वासितांच्या छावण्या यांतून रोग पसरवणारी ऊ कपड्यांतील होती. तिची बदनामी तिच्या बहिणीच्या, म्हणजे डोक्यातील उवेच्या, माथी बसली आणि तेथून ती शाळकरी मुलींच्या माथी आली. डोक्यातील ऊ साथीचे रोग पसरवत असल्याचे दिसून आलेले नाही. ती खाज देते, झोप मोडते, खाजवून जखमा झाल्या तर त्या चिघळतात. त्रास खरा आहे. कलंक उसना आहे.

३२/
ती अस्वच्छतेतून उत्पन्नही होत नाही. तिला उडी मारता येत नाही, उडताही येत नाही. एका डोक्याला दुसरे डोके टेकले की ती केसावरून केसावर चालत जाते. वसतिगृहात एका गादीवर झोपणाऱ्या, एका पुस्तकावर वाकून अभ्यास करणाऱ्या, गळ्यात गळा घालून बसणाऱ्या मुलींमध्ये ती अधिक सापडते, ती जवळिकीमुळे. रोज नाहणाऱ्या मुलीच्या केसांतही ती सुखाने नांदते. या एका मुद्द्यावर चरकांचे निदान आज बदलावे लागते.

३३/
त्यांची चिकित्सा मात्र आजही लागू पडते. अपकर्षण : केस ओले करून त्यांना भरपूर तेल किंवा कंडिशनर लावावे, बारीक दात्यांची फणी टाळूपासून टोकापर्यंत बट बट घेऊन फिरवावी आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या कापडावर पुसावी. दर तीन-चार दिवसांनी, किमान दोन आठवडे. लीख ७ ते १० दिवसांत फुटते आणि बाहेर आलेल्या पिल्लाला स्वतः अंडी घालण्याइतके मोठे व्हायला आणखी आठवडा-दीड आठवडा लागतो. खंड पडला नाही तर नवी पिढी वयात येण्याआधीच फणीत सापडते.

३४/
औषध वापरायचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, विशेषतः लहान मुलांसाठी. बहुतेक औषधे उवा मारतात पण सर्व लिखा मारत नाहीत. म्हणून ७ ते १० दिवसांनी दुसरी फेरी लागते. ती विसरली की ‘औषध लागूच पडत नाही’ असे वाटते. टाळूपासून एक सेंटिमीटरहून दूर दिसणाऱ्या लिखा बहुधा रिकाम्या किंवा मेलेल्या असतात. केस महिन्याला साधारण तेवढाच वाढतो, म्हणजे त्या महिन्याभरापूर्वीच्या. त्या पाहून घाबरण्याचे किंवा केस कापण्याचे कारण नाही.

३५/
निदानवर्जन : पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात, कारण ती चाव्यावरची अ‍ॅलर्जी असते. तोपर्यंत उवा पुढे गेलेल्या असतात. म्हणून घरात एकाच्या डोक्यात ऊ सापडली की सर्वांची डोकी त्याच दिवशी पाहावीत, मुलग्यांची आणि मोठ्यांचीही. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. त्यामुळे घरभर फवारणी करण्याची गरज नाही. उशीचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुतले की पुरे.

३६/
आणि शाळा? उवा-लिखांमुळे मुलांना शाळेबाहेर ठेवू नये, अशी भूमिका अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने घेतली आहे. त्यामागचा तर्क सरळ आहे : ऊ सापडली तेव्हा ती काही आठवडे तेथेच होती, आज मुलीला घरी पाठवून वर्गाचे रक्षण होत नाही, तिचा अभ्यास तेवढा बुडतो. वेणी बांधून पाठवावी, संध्याकाळी फणी हाती घ्यावी. सर्वांसमोर नाव घेऊन उभे करणे, केस कापायला लावणे, हे आरोग्याचे उपाय नव्हेत.

३७/
१८७७ साली घाट उतरून आलेल्या माणसांना कोणी विचारले नव्हते की तुमच्यापाशी दुसरे वस्त्र आहे का. नाशिकला एका डॉक्टरने कपडे तपासले, तेव्हा दोष माणसांवरून उवेवर गेला. डोक्यात उवा झालेल्या मुलीच्या वाट्याला तो न्याय अजून यायचा आहे. आपल्या भाचीच्या, पुतणीच्या, धाकट्या बहिणीच्या बाबतीत तो देणे आपल्या हाती आहे. तेल, फणी आणि दुपारचा अर्धा तास एवढेच त्यासाठी लागते.

धागा उपयुक्त वाटला तर शाळेत शिकवणाऱ्या एका तरी परिचितापर्यंत पोहोचवा. #इतिहास #वैद्यकाचा_इतिहास #ठाणे_जिल्हा